जुन्या ऑक्टेव्हिया आरएसचा आवाज सुधारायचाय? मग दारापासून सुरू करा

गाडी घेतली तेव्हा डाव्या दारातून नुसती खरखर यायची आणि उजव्या दारातून तर काहीच नाही. ऑक्टेव्हिया आरएस, पहिली पिढी, १.८ टर्बो, १५० बीएचपी. इंजिन खणखणीत, समृद्धीवर जालन्याच्या पुढं मोकळा रस्ता मिळाला की आजही अशी खेचते की मन भरून येतं, पण गाणं लावलं की जीव तळमळायचा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचं काम २००१ ला सुरू झालं आणि ऑक्टेव्हिया तिथंच जुळायची, त्यामुळं आपल्या भागात या गाडीवर जीव असलेली माणसं अजून भेटतात, आणि भेटली की विषय हमखास म्युझिक सिस्टीमवर येतो, की बदलायचीय पण सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्याकडं पॅलिओ १.६ असेल, जुनी सिटी व्हीटेक असेल, तरी काम असंच चालतं, फक्त कनेक्टर आणि स्पीकरची साईज बदलते.

लोकं दुकानात जातेत आणि पहिला प्रश्न विचारतेत, किती वॅटचा आहे. मंग दुकानदार १२०० वॅटचं स्टिकर दाखवतो, डिकीत भला मोठा डबा बसतो, महिनाभर काच थरथरते आणि नंतर कान दुखायला लागतात. जुन्या गाडीत आवाज खराब असण्याची कारणं बहुतेक वेळा दार, वायर आणि अर्थिंग (निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं) ही असतात. तिथं पैसे आणि वेळ आधी घाला, साधा सेट पण गोड वाजतो. मी हे दोनदा खर्च करून शिकलो, तुम्ही एकदाच करा.

आधी दोन दिवस नुसतं ऐका आणि मोजा

काहीही विकत घ्यायच्या आधी एक साधा मल्टीमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२.६ च्या आसपास पाहिजे. मग गाडी चालू करून बघा, १३.८ ते १४.४ च्या मधे. कमी दाखवलं तर बॅटरी, अल्टरनेटर नाहीतर इंजिनची अर्थ पट्टी, यातलं काहीतरी थकलंय आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय अॅम्पचं (आवाज वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरचं) नाव पण काढू नका, कारण वरून जास्त करंट ओढला की हेडलाईट मिचमिचणार आणि एखाद्या सकाळी गाडी सुरूच होणार नाही.

मग बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढं-मागं) फिरवून एकेक स्पीकर वेगळा ऐका. कोणता फाटलाय, कोणता मुका झालाय, कोणत्या दाराची पत्री आवाजासोबत वाजतेय, कागदावर लिहा. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ४२-४३ ला जातो आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, त्यात पंधरा-वीस वर्षं उकडलेल्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावलं की भुगा होतो. जाळी काढून कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) हलक्या हातानं आत दाबून बघा, घासल्याचा आवाज आला तर तो स्पीकर संपला.

पैसे कुठं घालायचे

तुमच्याकडं शंभर रुपये असतील तर माझ्या मते चाळीस पुढच्या दोन दारांच्या कंपोनंट स्पीकरवर (मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वेगळे असलेला सेट), वीस डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारी शीट) आणि चांगल्या वायरवर, तीस अॅम्पवर आणि उरलेले दहा अडॅप्टर, रिंगा, क्लिपा असल्या किरकोळ गोष्टींवर. सबवूफर (फक्त जड बेसचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) नंतर, पुढच्या दिवाळीला. मागचे स्पीकर सगळ्यात शेवटी, नाही बदलले तरी चालतं, गाणं आपल्याला समोरून ऐकायचं असतं, मानेमागून नाही.

आणि वॅट बघायचेच असतील तर फक्त आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) बघा. टेपवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या रेडिओवर, ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं ते मॅक्स असतं, प्रत्यक्षात बाहेर येतात १५ ते २२ वॅट. म्हणूनच टेपवर चांगले स्पीकर जोडले की माणूस म्हणतो एवढे पैसे घातले पण फरक नाही. स्पीकर उपाशी राहतेत.

टेप बदलायचा का ठेवायचा

इथं माझं मत ठाम आहे पण तुमची गाडी, तुमची मर्जी. आरएसचा डॅशबोर्ड त्या ओरिजिनल रेडिओसकटच शोभतो. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन लावली की गाडीचं वय एकदम डोळ्यात येतं, आणि स्वस्तातल्या स्क्रीनमधे गाणं बंद असताना पण सुंईई असा आवाज चालू असतो. त्यापेक्षा ओरिजिनल ठेवा आणि असा अॅम्प घ्या ज्याला हाय लेव्हल इनपुट आहे, म्हणजे टेपच्या स्पीकर वायरीच थेट त्याला जोडता येतात. आतमधे डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीनं सुधारणारी चिप) आणि ब्लूटूथ असेल तर सोन्याहून पिवळं, फोनवरून गाणं डायरेक्ट अॅम्पला जातं.

बदलणारच असाल तर पुढचे तीन मुद्दे दोनदा वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या या काळातल्या गाड्यांत पॉवर कनेक्टरवर कायम चालू असलेली १२ व्होल्टची पिन आणि चावीनं चालू होणारी पिन नेहमीच्या आयएसओ पद्धतीच्या उलट असतात. सरळ जोडलं की चावी काढली रे काढली की टेप घड्याळ, स्टेशन सगळं विसरतो. उपाय सोपा, नव्या हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) पिवळी आणि लाल वायर अदलाबदल करायची, बऱ्याच अडॅप्टरवर त्यासाठी बुलेट कनेक्टर दिलेलेच असतात. दुसरं, छतावरच्या अँटेनात छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला अँटेनाच्या वायरीतूनच १२ व्होल्ट लागतं, त्याचा वेगळा अडॅप्टर मिळतो, तो नाही लावला तर शहराच्या बाहेर पडल्यावर आकाशवाणी नुसती फुसफुसते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. त्याच कनेक्टरवर के-लाईन नावाची एक वायर असते, ती स्कॅनरसाठी असते, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी. ती नव्या टेपला चुकून लागली की स्कॅनर इंजिनशी बोलणंच बंद करतो. माझ्या पहिल्या वेळी एका दुकानात पोरानं ओरिजिनल कनेक्टर कटरनं उडवला, सगळ्या वायरी रंग बघून पिळल्या, वर काळी टेप. आवाज आला, मी खूश. तीन महिन्यांनी चेक इंजिन लाईट लागला, स्कॅनर लावला तर कनेक्शनच नाही. दोन गॅरेजवाल्यांनी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून सांगितलं आणि बदलायचा खर्च ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी लातूरकडचा एक इलेक्ट्रिशियन, त्यानं टेप बाहेर ओढला, वायरींचा तो गुंता बघितला आणि म्हणाला, "दादा, ईसीयू चांगला हाय, ह्यो टेपच लाईन धरून बसायलाय बगा." एक वायर वेगळी करून टोकाला टेप गुंडाळली, स्कॅनर लगेच बोलायला लागला. तेव्हापासून माझा नियम, ओरिजिनल कनेक्टर कुणालाही कापू द्यायचा नाही. अडॅप्टर आणा, नाही मिळाला तर आठ दिवस थांबा, ऑनलाईन मागवा.

काम सुरू करायच्या आधी

रेडिओचा कोड शोधून ठेवा. बॅटरी काढली की ओरिजिनल रेडिओ सेफ दाखवून बसतो आणि कोडशिवाय उघडत नाही. मग १० चा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह काढा, आधी निगेटिव्हच. सीटखाली किंवा दारात पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. बॅटरी परत जोडल्यावर काचा एका टचमधे वर जात नाहीत, घाबरू नका, काच पूर्ण वर करून बटण थोडा वेळ वर ओढून धरायचं, शिकून घेते.

दार, इथं घाई नको

एका दाराला अर्धा दिवस द्या. रविवारी सकाळी लवकर सुरू करा, अकरानंतर पत्र्याला हात लागत नाही.

काच वर करा, दारपॅनेलचे स्क्रू काढा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं कडेनं हळूहळू उचका. जुन्या प्लॅस्टिकला स्क्रूड्रायव्हर घातला की तुकडा पडतो आणि आरएसचं दारपॅनेल शोधणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलंय त्यालाच माहिती. क्लिपा तुटणारच, डझनभर आधी आणून ठेवा. पॅनेल सुटलं की आतून लॉकची केबल आणि बटणांचे कनेक्टर असतात, ओढू नका, एकेक काढा आणि फोटो काढत चला.

माझ्या गाडीत स्पीकर रिव्हेटनं बसवलेले होते. ड्रिलनं रिव्हेटचं डोकं उडवायचं आणि भुसा व्हॅक्यूमनं लगेच ओढून घ्यायचा, लोखंडाचा बारीक कीस नव्या स्पीकरच्या चुंबकाला चिकटला की संपलं. मापाचं म्हणाल तर साडेसहा इंची बसतो, पण व्यासापेक्षा खोली बघा. काच पूर्ण खाली करून चुंबक आणि काच यांच्यात किती जागा राहते ते कागदी पुठ्ठ्यानं मोजा. इथं बरेच जण चुकतात आणि मग काच अर्ध्यात अडकते.

स्पीकरखाली रिंग लागते. दुकानात एमडीएफची देतात, ती घेऊ नका. दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच, तशीच रचना आहे त्याची, एमडीएफ दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखा फुगतो. मरीन प्लायची करून त्याला दोन हात पॉलिश मारा किंवा प्लॅस्टिकची घ्या.

आता डॅम्पिंग. दाराचा बाहेरचा पत्रा बोटानं वाजवून बघा, टण्ण करतो. स्पीकर वाजला की हा पत्रा पण वाजतो आणि तुम्हाला वाटतं बेस फाटलाय. अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली २ मिमीची ब्यूटाईल (रबरी) शीट घ्या. डांबराची शीट स्वस्त मिळते, इमारतीच्या गच्चीला लावतात तसली, ती आपल्याकडं मे महिन्यात वितळते, वास मारते आणि सोलून खाली पडते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आपल्या काळ्या मातीची धूळ दाराच्या आत इतकी बसलेली असते की तीन फडकी लागली मला. मग शीट लावून रोलरनं दाबा, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला भाग आणि स्पीकरच्या मागची जागा, साधारण पाव ते एक तृतीयांश पत्रा झाकला तरी टण्णचं ठप्प होतं. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती अजिबात बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून सडतं.

मग आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं झाका. हे कुणी सांगत नाही पण सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. स्पीकरच्या पुढून आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या उलट असतो, भोकातून दोन्ही एकत्र आले की बेस तिथंच मरतो. भोकं बंद झाली, रिंगेच्या कडेला फोमची पट्टी बसली, की त्याच स्पीकरमधून पखवाजाची थाप छातीवर येते. माझ्याकडं डावं दार झालं होतं आणि उजवं बाकी होतं तेव्हा बॅलन्स इकडं तिकडं फिरवून घरच्यांना ऐकवलं, आईला पण फरक कळला.

वायर जोडताना प्लस-मायनस पक्कं करा. खात्री नसेल तर दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली ती प्लस. एक स्पीकर उलटा लागला तर बेस गायब होतो आणि गाणं मधोमध न येता कुठूनतरी भिरभिरत येतं. ओरिजिनल स्पीकर वायर ५०-६० वॅटपर्यंत चालून जाते, दाराच्या रबरी नळीतून नवीन वायर घालायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये.

अॅम्प आणि वायर

६० वॅट आरएमएसचे चार चॅनल धरू, म्हणजे २४० वॅट. क्लास डी अॅम्प साधारण ८० टक्के कामाचं बाहेर देतो, म्हणजे आत ३०० वॅट लागणार, १३.८ नं भागा, २२ अँपिअर. क्लास एबी असेल तर ६० टक्के धरा, २९ अँपिअर. याला ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते. पुढं सब लावायचा विचार असेल तर आत्ताच ४ गेज (आकडा लहान तशी वायर जाड) ओढून घ्या, दोनदा कार्पेट उचलायला नको. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकतेत, टोक ब्लेडनं खरवडून बघा, आतून पांढरी चमक दिसली की परत करा.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत पाहिजे म्हणजे पाहिजे. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, अॅम्पसाठी अॅम्पचा स्वतःचा वेगळा असतो. बॅटरी ते डिकी चार-पाच मीटर वायर, मधे कुठं पत्र्याला घासून सोलली आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर गाडी पेटते, एवढं सरळ आहे. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना रबरी ग्रोमेटमधूनच (भोकातल्या रबरी कड्यातूनच) न्या.

पॉवरची वायर एका बाजूच्या कार्पेटखालून, सिग्नलच्या आरसीए वायरी दुसऱ्या बाजूनं. आणि अर्थिंग, इथं हात आखडू नका. अॅम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत, जाड पत्र्यावर, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, चांगला बोल्ट, दातेरी वॉशर, वरून थोडं ग्रीस म्हणजे गंज धरणार नाही. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे.

अर्थिंग कच्चं असलं की इंजिनच्या आरपीएमसोबत चढणारी शिट्टी स्पीकरमधून येते. टर्बो गाडीत गोंधळ होतो कारण टर्बोची पण शिट्टी असतेच. गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमधे, टेप म्यूट करून हलका रेस द्या, मग अॅम्प बंद करून परत द्या. अॅम्प बंद केल्यावर शिट्टी गेली तर दोष वायरिंगचा.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

गेनचा (अॅम्प आत येणारा सिग्नल किती वाढवतो त्याचा) स्क्रू फुल करून देणारे दुकानदार स्पीकर जाळायची सोय करून देतेत. इक्वलायझर सगळा शून्यावर, बेस बूस्ट बंद, टेपचा आवाज तीन चतुर्थांश. स्पीकर काढून ठेवा, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि अॅम्पच्या आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर धरा. किती व्होल्ट पाहिजे ते काढायला वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. तेवढं दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. मीटर नसेल तर कानानं, आवाज फाटायला लागला की तिथून थोडं मागं.

दारातल्या स्पीकरला हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर लावा, खालचा जड बेस त्यांना झेपत नाही. पुढं सब आला की त्याला लोपास (वरचे सूर अडवणारा) त्याच ८० ला. सबसाठी दहा इंची आणि बंद डबा, आत १७ ते २३ लिटर जागा, १८ मिमी प्लायवूड, आपल्या ओळखीच्या सुताराकडून करून घ्या, सांध्यांना फेव्हिकॉल आणि आतून सिलिकॉन. ऑक्टेव्हियाची डिकी ५२८ लिटरची आहे आणि मागचं दार काचेसकट उघडतं, म्हणजे डिकी आणि केबिन एकच पोकळी, बेस पुढं यायला अडचण नाही, छोटा सब पुरतो. त्रास होतो तो डिकीवरच्या ट्रेचा आणि नंबर प्लेटचा, दोन्ही कडकड वाजतात, मागं फोमची पट्टी लावा.

शेवटचा हात

डीएसपी असेल तर टाईम अलाइनमेंट नक्की करा. आपण उजवीकडं बसतो, उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. मोजपट्टीनं डोक्यापासून दोन्हीचं अंतर मोजा. समजा ९० आणि १४० सेंटिमीटर आलं, फरक ५०. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे जवळच्या उजव्या स्पीकरला १.४७ मिलिसेकंद उशीर द्यायचा. हे केलं की गाणारा माणूस तुमच्या गुडघ्यापाशी न बसता डॅशबोर्डवर मधोमध येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी बंद करून पार्किंगमधे तासभर तसाच बसून होतो.

तपासायला आपलीच गाणी वापरा, कानाला ओळखीची. भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग घ्या, टाळ कानाला टोचले तर ट्वीटर २-३ डीबी खाली करा. पखवाज फुगल्यासारखा वाटला तर दारात अजून कुठंतरी गळती आहे. गोंधळातला संबळ लावा, त्याच्या दोन तोंडांचे आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत, एकात एक मिसळले तर सब आणि दार भांडतायत, सबचा फेज (प्लस-मायनस उलटवणारा) स्विच फिरवून बघा. आधी गाडी उभी करून, मग बीड बायपासला ८० च्या वेगात. टायरचा आवाज खालचा बेस खातो, म्हणून उभ्या गाडीत किंचित जास्त वाटणारा सब रस्त्यावर बरोबर लागतो.

इन्शुरन्स रिन्यू करताना बसवलेल्या सामानाचं बिल दाखवून इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजमधे नोंदवून घ्या, थोडा प्रीमियम वाढतो पण चोरी झाली तर भरपाई मिळते. पंधरा दिवस चालवल्यावर अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचं टर्मिनल परत आवळा, अर्धा तास जोरात वाजवून फ्यूज होल्डरला हात लावा, कोमट ठीक, गरम असेल तर जोड ढिला आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर कार्पेटखाली हात घालून ओल बघा. आणि काढलेले ओरिजिनल स्पीकर, कंस, उरलेल्या क्लिपा एका डब्यात घालून, रेडिओचा कोड लिहिलेली चिठ्ठी त्यातच चिकटवून, डबा घरात माळ्यावर ठेवा, गाडीत नाही.